न्हाणीघरातले आम्ल आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक

दसरा जवळ आला की एकाच धाटणीच्या चित्रफिती फिरू लागतात. डावीकडे गंजलेली तलवार किंवा ठासणीची बंदूक, मध्ये कसलेसे फेसाळ द्रव, उजवीकडे आरशासारखे लखलखीत लोखंड. खाली शाबासक्यांची रांग. ते द्रव म्हणजे कधी शौचालय धुण्याचे आम्ल असते, कधी शीतपेय, कधी लिंबू आणि मीठ. कोणी हटकलेच तर उत्तर ठरलेले : ‘आपले पूर्वज काय प्रयोगशाळेत जात होते? तेही घरातल्याच वस्तूंनी हत्यारे साफ करीत.’

आजचा धागा या उत्तराविरुद्ध आहे. हे उत्तर पुरते खोटे असते तर सोडून दिले असते. ते अर्धे खरे आहे, म्हणून अधिक घातक आहे.

पूर्वज घरातल्याच वस्तू वापरीत, हे मान्य. पण कोणत्या, आणि कशासाठी? जुनी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण. साधारण पाऊण हिस्सा सोरा. ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. घन राहतो आणि काळ्या चिकट थराने नळीत बसतो. या थरात पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. कोरड्या उन्हाळ्यातसुद्धा बार काढलेली नळी न धुता ठेवली तर थोड्याच काळात आतून गंजू लागते. मग पावसाळ्यात काय होत असेल? राक्षसभुवनची लढाई आठवा. १० ऑगस्ट १७६३, गोदावरी दुथडी भरलेली, निजामाचे सैन्य नदीने दोन तीरांवर विभागलेले, आणि अलीकडच्या तीरावरच्या तुकडीवर माधवराव पेशव्यांची फौज तुटून पडलेली. हे गाव आजच्या गेवराई तालुक्यात आहे. तिथल्या एखाद्या तोडेवाल्याने त्या रात्री नळी तशीच ठेवली असेल, तर पुढच्या लढाईत तिचा भरवसा धरता आला नसता.

या क्षारांवर औषध एकच : पाणी, तेही कढत. तेल हे क्षार विरघळवत नाही, उलट झाकून ठेवते. म्हणून आधी गरम पाणी, मग गजाला गुंडाळलेली कोरडी चिंधी, आणि सगळ्यात शेवटी चरबी किंवा तेलाचा हात. कढत पाण्याने नळी तापते आणि ओल आपोआप उडून जाते, हा आणखी एक लाभ. चुलीवरचे आधण हाच त्या बंदुकीचा ‘घरगुती उपाय’ होता. पुढे धूर न करणारी दारू आली, तरीही आधण सुटले नाही. त्या काळच्या काडतुसाच्या बुडाशी असलेली टोपी फुटली की नळीत मिठाच्या जातकुळीचा क्षार उरे. म्हणून पहिल्या महायुद्धातला ली-एन्फील्डधारी शिपाईसुद्धा नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतीत असे.

म्हणजे जुन्या माणसांनी समोरचा मळ ओळखला आणि त्याला लागू पडेल ती वस्तू उचलली. वस्तू घरची होती हा योगायोग. आपण मळ ओळखण्याची पायरी गाळतो आणि ‘घरची वस्तू’ एवढेच उचलतो.

चकाकीचा हव्यास मात्र नवा नाही, हेही सांगायला हवे. अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळात बंदुकीची नळी विटेच्या पुडीने घासून चकचकीत ठेवण्याची शिस्त होती. घासून घासून नळ्या पातळ होत. पुढे हा प्रकार सोडून नळ्यांना तपकिरी रंग देण्याची रीत आली. तो रंग म्हणजे दुसरे काही नसून मुद्दाम, मोजून-मापून चढवलेला गंज! त्या थरानेच आतल्या लोखंडाचे रक्षण होई. ज्या थराला तुम्ही घाण समजून तारेच्या घासणीने खरवडता, तो एखाद्या कारागिराने कष्टाने चढवलेला असू शकतो.

आता अमोनियाची गोष्ट. काच पुसण्याच्या कित्येक द्रवांत आणि पितळ उजळवण्याच्या काही मिश्रणांत तो असतो. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात, आणि पाऊस सरल्यावर बाहेर काढली की त्यांना भेगा पडलेल्या आढळत. वर्षानुवर्षे कारण सापडेना. अखेर १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी उलगडा केला : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, आणि पितळ ठोकून-ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकते. धातुशास्त्रात प्रसिद्ध झालेला हा धडा आपल्याच पावसाळ्याने शिकवलेला आहे. पितळी साज असलेल्या बंदुकीवर काच पुसण्याचे द्रव फवारणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

आणि सर्वांत मोठा अपराधी, शौचालयाचे आम्ल. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज खाते हे खरे. पण गंज संपल्यावर थांबत नाही, लोखंडही खाते. शिवाय त्यातील क्लोराइड धातूच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसते आणि पुढच्या दमट हवेत आतून नवा गंज सुरू करते. चित्रफितीत दिसते ती पहिली घटका. सहा महिन्यांनंतरची चित्रफीत कोणी टाकत नाही. बांगडी तोफांचे तर विचारूच नका. लोखंडी पट्ट्यांवर तापवलेल्या बांगड्या एकीला एक भिडवून ही तोफ घडते. दोन बांगड्यांच्या फटीत गेलेले आम्ल कितीही पाणी ओतले तरी पुरते निघत नाही. गडावर उन्हापावसात शतके काढलेली तोफ आपण एका रविवारच्या ‘स्वच्छता मोहिमे’त आतून पोखरू लागतो.

चिंचेचे काय, असे कोणी विचारील. देवघरातील तांब्याला चिंच उत्तम, कारण तो तांब्या आपण रोज वापरतो आणि त्याच्या पृष्ठभागावर काही लिहिलेले नसते. मलिक-ए-मैदान ही ओतीव तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली आणि विजापूरला जाण्यापूर्वी ती बीडच्या शेजारच्या परांड्यात होती. कोणी, कधी, कोणासाठी ओतली हे आपल्याला कळते ते तिच्या अंगावरच्या लेखांवरून. अशा पृष्ठभागावर पिढ्यान्‌पिढ्या आंबट घासत राहिलो असतो तर आज काय वाचले असते?

तलवारींचे दुखणे आणखी वेगळे. तेलंगणातील कोनसमुद्रमसारख्या ठिकाणच्या पोलादाची ख्याती इराणपर्यंत होती. बीड आणि कोनसमुद्रम दोन्ही दीर्घकाळ निजामाच्याच राज्यात होते, तेव्हा तसे पाते एखाद्या जुन्या वाड्यात निघणे अशक्य नाही. या पात्याची ओळख म्हणजे त्यावरचे पाण्याच्या लहरींसारखे जौहर. पॉलिश कागदाच्या चार हातांत ते दिसेनासे होते. कोफ्तगारीचे सोने तर लोखंडावर ओरखडे पाडून त्यावर ठोकून बसवलेली नुसती बारीक तार असते. घासणीपुढे तिचा काय टिकाव लागणार? एका वाड्यात मी स्वतः असे पाते पाहिले आहे. मुठीजवळ अक्षरांच्या जागी आता गुळगुळीत, चमकणारा पट्टा आहे. घरच्यांना त्याचा अभिमान आहे, आणि मला तिथे बोलवेना.

बीडच्या बाबतीत हे अधिक लागते. धारूरचा किल्ला आदिलशाही, निजामशाही आणि मोगल या तिघांच्या हातांतून गेला. १६३१ च्या प्रारंभी तो शाहजहानचा सरदार आझमखान याने घेतला. खर्डा तर जिल्ह्याच्या सीमेलगत, जिथे १७९५ मध्ये निजामाच्या रेमाँने शिकवलेल्या पलटणी मराठ्यांसमोर उभ्या राहिल्या. एवढे सैन्य या मुलखातून गेले. त्यांची हत्यारे कुठे घडली, कोणाच्या हाती कशी आली, हे पुष्कळदा त्या हत्याराशिवाय दुसरे कोणी सांगत नाही.

झुडपांत पडलेल्या तोफा खांद्यावर वाहून आणणाऱ्या दुर्गप्रेमी तरुणांबद्दल मला आदर आहे. सरकारी खात्यांनी जिथे पाऊल ठेवले नाही तिथे ते पोहोचले. म्हणूनच हे कठोर शब्द त्यांच्यासाठी आहेत. ज्यांना आस्था नाही ते आम्लही विकत आणत नाहीत.

आता कामाचे. माळ्यावरची ठासणीची बंदूक सापडली तर आधी ती भरलेली आहे असेच धरून चाला. कोरडी राहिलेली काळी दारू शतकानंतरही पेटते. २००८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एका संग्राहकाचा जीव गेला. नळीत गज घालून खरवडू नका, उष्णतेजवळ नेऊ नका, जाणकाराला आणि पोलिसांना दाखवा. परवान्याचा प्रश्नही तिथेच सुटेल. आम्ल आणि कपडे पांढरे करणारे ब्लीच एकत्र तर कधीच करू नका, त्यातून विषारी क्लोरीन सुटतो.

तलवारीला कोरडे मऊ सुती कापड, मऊ ब्रश, हातात सुती मोजे, आणि वर मेणाचा पातळ हात एवढे पुरे. खोबरेल नको, ते खवट होते. पूजेचे कुंकू ओले लावले असेल तर त्याच दिवशी पुसून पाते कोरडे करा. दुसऱ्या दशमीपर्यंत ते तसेच राहिले तर त्याच्याखाली गंजाचा डाग धरतो. गंज खोलवर गेला असेल तर हात लावू नका. लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक वारशाच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांतही विचारता येते.

आणि या खंडेनवमीला पाते पुसण्यापूर्वी खिडकीजवळ नेऊन, तिरप्या उजेडात, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. अक्षरे दिसली तर इथे खाली टाका, घराचा पत्ता न देता. फारसी किंवा मोडी वाचणारे या धाग्यावर पुष्कळ आहेत.