या सुट्टीत मुलांना हैदराबाद दाखवा

सुट्टी जवळ आली की घराघरांत मुलांची फर्माईश सुरू होते. मोबाइलवर कुणी पॅरिसच्या आयफेल टॉवरखाली उभा असतो, कुणी लंडनच्या मोठ्या घड्याळासमोर. मुले विचारतात, "अब्बू, आपण कधी जायचे?" हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या बहुतेक घरांना तो खर्च झेपणारा नाही. पण म्हणून मुलांना गप्प बसवू नये. मोठे शहर पाहण्याची त्यांची हौस खरी आहे, आणि असे एक शहर आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

हैदराबाद आपल्याला नवीन नाही. शादीची खरेदी असो की दवाखाना, आपण तिकडेच धावतो. पण मुले तेव्हा घरी राहतात, किंवा दुकानाच्या बाकावर पेंगतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद आपली राजधानी होती, हे कित्येक मुलांना ठाऊकही नसते.

तीन दिवस पुरतात. शुक्रवारी सालारजंग संग्रहालय बंद असते, म्हणून तो दिवस चारमिनार आणि मक्का मशिदीसाठी ठेवावा. मुलांना जुम्याची नमाज मक्का मशिदीत पढायला मिळावी. या मशिदीचे काम कुतुबशाहीत १६१७ च्या सुमारास सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. एक पिढी पाया घालते, दुसरी कळस चढवते, हे मुलांना तिथे उभे राहून सांगता येते.

शनिवारी सालारजंग. ज्यांना युरोप पाहायचा आहे त्यांना तो इथे थोडा भेटतो. इटलीच्या बेंझोनी या शिल्पकाराने घडवलेली बुरख्यातली रेबेका पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमहून आणली. संगमरवराच्या पातळ पडद्याआडून चेहरा दिसतो, आणि मुले हटकून विचारतात, "हा खरंच दगड आहे?" कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीच्या घड्याळात तास झाला की छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो. बाराच्या थोडे आधी जागा धरावी.

रविवारी गोवळकोंडा, सकाळी लवकर. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारपर्यंत ऐकू येते. गुडघे दुखणाऱ्या दादीने खाली थांबून टाळी द्यावी, नातवंडांनी वर जाऊन ऐकावी. जवळच कुतुबशाही मकबरे आहेत. मुलींना हयात बक्षी बेगमचा मकबरा जरूर दाखवावा. सुलतानाची मुलगी, सुलतानाची बेगम आणि सुलतानाची आई असलेल्या या बाईचा राज्यकारभारात मोठा वाटा होता.

पण आम्हाला सर्वात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. आपण घरात जी दखनी बोलतो, तिची आपल्या मुलांना लाज वाटू लागली आहे. शाळेत मुले हसतात, शहरातले पाहुणे "ही कसली उर्दू?" म्हणतात. मग मूल दादीशीही टीव्हीवरच्या हिंदीत बोलू लागते. हैदराबादेत रिक्षावाला "हौ" म्हणतो, बांगडीवाला "नक्को" म्हणतो, आणि मुले चमकून आपल्याकडे पाहतात. तेव्हाच सांगावे की, १५९१ साली ज्याने चारमिनार उभारला, तो मुहम्मद कुली कुतुबशाह याच दखनीत शायरी करायचा. आणि त्यातला "नक्को" आपल्या मराठी "नको"चाच भाऊ आहे. घरची बोली आणि शाळेची मराठी या एकमेकींच्या सवती नाहीत, हे कळले की मूल दोन्हीकडे ताठ मानेने बोलेल.

खर्चाचे म्हणाल तर कर्ज काढून सैर करू नये. चारमिनार आणि गोवळकोंड्याला १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. नातेवाइकांकडे उतरलात तर अम्मीच्या हाती पुन्हा लाटणे येणार नाही, याची काळजी अब्बूंनी घ्यावी. सुट्टी तिचीही आहे. हनफी मसलकानुसार मुसाफिराने जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोनच पढायचे असतात. फजर आणि मगरिब तशीच राहते. ही सवलत मुलांना प्रवासातच शिकवावी, म्हणजे दीन किती सोपा आहे हे त्यांना अनुभवाने कळेल.

जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुरआन वारंवार बजावतो. गोवळकोंड्याचे ओसाड महाल पाहताना मुलांना ते वेगळे समजवावे लागत नाही. मे महिन्यात तिथले दगड तापतात, म्हणून दिवाळीची सुट्टी धरा आणि नांदेडहून गाडीचे रिझर्वेशन आतापासूनच करा. पॅरिस नशिबात असेल तर तेही होईल, इन्शाअल्लाह. तोवर आपली जुनी राजधानी तरी मुलांनी पाहिलेली असावी.