नावापेक्षा नाक महत्त्वाचं!

‘पर्सनलाइज्ड’ गिफ्ट म्हणजे साबणावर नाव कोरायचं? छे! दोन आंघोळींत ते पुसलं जातं. माझा फंडा साधा आहे: ज्याला साबण द्यायचा, त्याची त्वचा आणि त्याचं नाक आधी ओळखा.

माझ्या आईला कुठलाच परफ्युम सोसत नाही, लगेच डोकं धरतं. नरकचतुर्दशीला घरभर साबणाचा घमघमाट आणि ती एकटी डाळीच्या पिठानं आंघोळ उरकणार! म्हणून तिच्या वडीत खोबरेल, ऑलिव्ह ऑइल, चिमूटभर हळद आणि सुगंध शून्य. मैत्रिणीच्या वडीत मात्र वाळ्याचं तेल.

तुम्हीही करून बघा, पण नियम पक्के. सोड्याचं माप तेलानुसार बदलतं, त्यामुळे डिजिटल काटा हवाच. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. गॉगल, ग्लव्हज मस्ट. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं बाद. आणि वडी ४ ते ६ आठवडे वाळू द्यायची. म्हणजे दिवाळीसाठी गणपती विसर्जन झालं, की लागा कामाला!

आई परवा म्हणाली, ‘‘पुढच्या खेपेला जरा मोठी कर गं.’’ आणखी कसली पावती हवी?