ओसरीवर छप्पर कोणते घालावे?

आदिलाबादेहून एका भगिनीचे पत्र आले आहे. जुन्या घराच्या दक्षिणेकडील ओसरीवरचे कवेलू वानरांनी फोडले. पावसाळ्यापूर्वी ते फेरून देणारा माणूसही आता मिळत नाही. थोरल्या चिरंजीवांचा आग्रह असा की, वर आरपार दिसणारे प्लास्टिकचे पत्रे घालावेत, म्हणजे कुंड्यांना आणि वाचनाला भरपूर उजेड मिळेल. अडचण इतकीच की, त्याच ओसरीत सासूबाईंचा पलंग असतो.

काचेच्या छपराची खोली ही थंड मुलुखाची गरज. लंडनला डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. मिळेल ते ऊन तेथे कोंडून ठेवावे लागते. आदिलाबादेत त्याच दिवशी तो ४७ अंशांवर असतो आणि २० मेच्या सुमारास तर मध्यान्ही अगदी माथ्यावर. पारा ४५ अंशांना टेकत असता पारदर्शक छपराखाली निजणे म्हणजे काय, हे चिरंजीवांनी एक दुपार स्वतः अनुभवून पाहावे.

दक्षिणेच्या ओसरीला हिवाळ्यात ऊन वरून घ्यावेच लागत नाही. वळचण सात फूट उंच असेल, तर डिसेंबरातील दुपारचे ऊन तिच्या कडेपासून सुमारे साडेसहा फूट आत येते, म्हणजे थेट पलंगापाशी. मे महिन्यात तेच भरीव छप्पर माथ्यावरचे ऊन बाहेर थोपवते.

मंगळुरी कौले सुंदर खरी. पण त्यांना २५ ते ३० अंशांचा उतार हवा, आणि वानरे आहेतच. तेव्हा मन कौलांकडे ओढ घेत असले, तरी माझे मत पत्र्याच्या बाजूने पडते. तो पांढऱ्या रंगाचा घ्यावा. खाली बांबूच्या तट्ट्याचे छत करून मध्ये वीतभर पोकळी ठेवावी व तिची दोन्ही टोके वाऱ्यासाठी मोकळी सोडावीत. पावसाचा आवाजही त्याने बराच कमी होतो. घरात जुने सिमेंटचे पत्रे पडले असतील, तर मात्र ते कापून वा भोके पाडून वापरू नयेत. त्यांतील अॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

चिरंजीवांसाठी पूर्वेच्या टोकाला, तुळशीवर, पॉलिकार्बोनेटची एक पट्टी चालेल. तिची संरक्षक लेपाची बाजू वर ठेवावी, नाहीतर ती लवकर पिवळी पडते.

माप घ्यायला सुतार येईल, तेव्हा सासूबाईंना जवळ बसवून घ्यावे. ऊन कोणत्या महिन्यात कोठवर सरकते, हे घरात त्यांच्याइतके कोणी पाहिलेले नसेल.