पेशीतला पिनकोड

म्हैसूरच्या मेटगळ्ळीला पत्र धाडायचं तर पाकिटावर ५७००१६ लिहायचं. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानं आखली. गृहस्थ संस्कृतचे पंडित होते! पण ही युक्ती अंगणातल्या तुळशीला फार आधीपासून ठाऊक आहे.

तुळशीच्या पानातल्या हिरव्या पेशीत ऊर्जेचे दोन कारखाने असतात. हरितलवक उन्हाच्या बळावर साखर तयार करतं, तर तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, ती जाळून शक्ती मिळवते. दोघांनाही प्रथिनं लागतात हजारांवर, पण घरच्या घरी बनतात शंभराच्या आतच. बाकीचा माल बाहेरून, पेशीतल्या द्रवातून येतो. मग एकाचा माल दुसऱ्याच्या दारात का पडत नाही?

कारण बहुतेक प्रथिनांच्या साखळीच्या पुढच्या टोकाला पत्ता असतो. तंतुकणिकेच्या पत्त्यावर धन विद्युतभार असतो, तर हरितलवकाच्या पत्त्यात सेरिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं भरपूर. तो वाचणारी दारंही निराळी. सुईत दोरा ओवावा तशी साखळी आत सरकते आणि पत्त्याचा तुकडा कापला जातो. काही प्रथिनं मात्र एकाच पत्त्यावर दोन्ही घरी जातात! प्रथिनं अंगावर पत्ता बाळगतात, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं.

हा पत्ता आपल्या विदर्भातल्या शेतापर्यंत येऊन पोचला आहे. निंदणीची मजुरी परवडेना, म्हणून जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारं कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं. त्याला सरकारची परवानगी नव्हती. गुन्हे दाखल झाले. वाद गाजला तो कायद्याचा आणि पर्यावरणाचा, पण त्या बियाण्यातली खरी करामत पत्त्याचीच आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक हरितलवकातल्या एका एन्झाइमला निकामी करतं, म्हणून झाड मरतं. या औषधाला दाद न देणारं एन्झाइम सापडलं एका मातीतल्या जिवाणूत. पण जिवाणूकडे हरितलवकच नाही, तर त्याचा पत्ता कुठून असणार? तेव्हा शास्त्रज्ञांनी दुसऱ्या एका वनस्पतीच्या प्रथिनाचा पत्ता उसना घेऊन त्या एन्झाइमपुढे जोडला. मगच ते कापसाच्या हरितलवकात शिरून कामाला लागलं.