आवाजाला खोली येते म्हणे!

बँकेत वीस वर्षं काढलेल्या कारकुनाला कर्ज कुणाला द्यावं हे कळत नसलं, तरी कुणाला देऊ नये एवढं नक्की कळतं. त्या अनुभवाच्या जोरावर सांगतो : हेडफोनच्या ॲम्प्लिफायरसाठी चाळीस हजार मंजूर करू नका!

वाद आमच्या अंबाजोगाईच्या शाखेतला. सणाच्या ॲडव्हान्समधून मी प्लेनर हेडफोन घेतला. हायफायमॅनचा, एचई ४०० एसई; त्या जातीतला गरिबाघरचा. साध्या हेडफोनमध्ये तारेचं एक वेटोळं पडद्याला ढकलतं. प्लेनरमध्ये पडद्यावरच वीजवाहक रेघा ओढलेल्या असतात आणि जवळ लोहचुंबकाच्या पट्ट्या. त्यामुळे जवळजवळ सगळा पडदा एकदम हलतो. आमच्या गावच्या दासोपंतांनी पासोडीभर ‘पंचीकरण’ लिहिलं, तसाच हा प्रकार; फक्त ही पासोडी गाते.

पण मोबाइलला लावली तर पुटपुटते. हे मी भोळेपणानं बोलून गेलो आणि आमचे जाणकार सहकारी पेटले. ‘‘मी म्हणलो नव्हतो? प्लेनरला ताकद लागते. चाळीस हजारांच्या आतला ॲम्प म्हणजे पैसे पाण्यात!’’

ताकद लागते, कबूल. पण किती? भावनेनं नव्हे, खतावणीनं बोलू. कंपनीच्या कागदावर या हेडफोनचा आकडा ९१ डेसिबल, म्हणजे एका मिलिवॅटला एवढा आवाज. वीज दहापट केली की दहा डेसिबल वाढतात. दहा मिलिवॅटला १०१, शंभराला १११. एकशे अकरा डेसिबलला माणूस गाणं ऐकत नाही, कानाचा डॉक्टर शोधतो. मग दोन-तीनशे मिलिवॅट देणारी काडेपेटीएवढी डबी का पुरू नये? ती तेवढी वीज आपल्या हेडफोनच्या ओहमला देते का, आणि गाणं थांबल्यावर स्वतः गुणगुणत तर नाही ना, एवढं पाहिलं की झालं. उरलेले पैसे चांगल्या हेडफोनात घाला. आवाजाचा चेहरा तिथं ठरतो, ॲम्पात नव्हे.

‘‘पण महागड्या ॲम्पानं आवाजाला खोली येते हो!’’ जाणकार म्हणाले.

आमच्या घराला दोनच खोल्या आहेत. चाळीस हजारांत तिसरी येत असेल तर आजच अर्ज करतो.

शेवटी ती डबीच आणली. वडिलांच्या भजनाची जुनी कॅसेट मुलीनं मोबाइलवर उतरवून दिली होती, ती लावली. इतकी वर्षं त्यात मला फक्त वडील ऐकू यायचे. त्या रात्री चिपळ्या वेगळ्या झाल्या, वडिलांनी कडव्याआधी घेतलेला श्वास कळला, आणि मागून, स्वयंपाकघरातून, आई : ‘‘आरं, दूध उतू चाललंय, बघ की!’’

आईला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी तसाच बसून राहिलो. हा हेडफोन पाठीमागून उघडा असतो, आतलं बाहेर झिरपतं, हे मात्र विसरलो होतो. शेजारी पेंगणारी आमची सौ. ‘‘आले, आत्याबाई!’’ म्हणत उठली आणि थेट गॅसपाशी गेली.

आता जाणकारांनीच सांगावं, चाळीस हजारांच्या ॲम्पावर ते दूध जास्त उतू गेलं असतं का?