ठोकळा बदलला, चूल तीच!



आठ दिवसांत तिघांनी एकच व्हिडिओ पाठवला. लाकडाच्या भुशाचे दाबलेले ठोकळे, म्हणजे आपला पांढरा कोळसा, घरच्या चुलीत लावा. धूर नाही, गॅसपेक्षा स्वस्त. मी यंदाच्या थंडीत एक पोतं जाळून बघितलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. ही अर्धी गोष्ट आहे.

खरी अर्धी आधी सांगतो. भुसा वाळवून जोरात दाबतात, उष्णतेनं लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि भुसा धरून ठेवतं. ओल साधारण १० टक्के, त्यामुळं ओल्या सरपणापेक्षा चांगला जळतो. मान्य. पण किलोमागे उष्णता ४००० किलोकॅलरीच्या आसपास, म्हणजे वाळलेल्या बाभळीएवढीच. जादू काही नाही.

आता हिशेब. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. किलोला ११००० च्या आसपास किलोकॅलरी, आणि निम्म्याहून जास्त उष्णता भांड्याला लागते. आपल्या साध्या चुलीत भांड्याला लागते १० ते १५ टक्के, बाकी वाऱ्यावर. म्हणजे एका सिलिंडरच्या कामाला दीडशे-दोनशे किलो ठोकळे! सिलिंडर ९०० ला धरला, तर ठोकळा किलोला साडेचार-सहा रुपयांच्या वर गेला की तोटाच. विकणारा हे सांगतो का?

आता धूर. पहिल्या दिवशी अख्खा ठोकळा चुलीत सारला. खालून वारा नाही, नुसता धुमसत राहिला. कारभारीण खोकत बाहेर आली, म्हणाली, "धूर नाही म्हणं! मग हे काय धुकं हाय?" दुसऱ्या दिवशी खाली लोखंडी जाळी टाकली, ठोकळा फोडून तुकडे केले, मधी बोटभर फट ठेवली. धूर बराच कमी. बंबात तर झकास चालले. मग त्याच जाळीवर वाळलेल्या पराट्या लावल्या, तरी धूर कमीच! म्हणजे काम जाळीनं केलं, नाव ठोकळ्याचं झालं.

कुणी म्हणंल, पराटी भसकन जळते, जागा खाते. खरंय. ज्याला सरपणच नाही त्यानं ठोकळे जरूर घ्यावेत. पण भिजू देऊ नका, फुगून परत भुसा होतो. प्लायवूडच्या भुशाचे तर घरात नकोच, त्यात डिंकाचं रसायन असतं.

पण आपण रानात पराट्या पेटवून द्यायच्या आणि पैसे मोजून दुसऱ्याचा भुसा घरी आणायचा, हे कुठलं शहाणपण?

कृषीवाल्या साहेबांनाही विनंती. प्रात्यक्षिक ठोकळ्याचं नको, चुलीचं घ्या. आणि बाई जिथं बसून भाकरी थापते, तिथं तासभर बसून घ्या.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर हिशेब खोडून दाखवा.