ओळखीच्या नावाने येणारी अळी

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबच्या कापूस उत्पादकाला अळी म्हणजे काय, हे कोणी शिकवायला नको. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली, तेव्हा बोंड बाहेरून धडधाकट दिसत होते आणि आतली सरकी खाल्ली जात होती. शेजाऱ्याने फरदड उभी ठेवली, तर आपल्या एकट्याच्या फवारणीला फारसा अर्थ उरत नाही, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. संगणकाच्या जगात 'वर्म' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपद्रवाची रीत याहून फारशी निराळी नाही. इंग्रजीत वर्म म्हणजे अळी आणि मराठीत वर्म म्हणजे मर्मस्थान. दोन्ही अर्थ येथे लागू पडावेत, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

४ मे २००० रोजी जगभरच्या कार्यालयांत एक ई-मेल पोहोचू लागला. विषय होता 'आय लव्ह यू'. सोबत प्रेमपत्र वाटावी अशी एक फाइल होती. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग विंडोज प्रणाली सहसा दाखवत नसे. त्यामुळे वाचणाऱ्याला साधा मजकूर दिसे, प्रत्यक्षात तो संगणकाला आज्ञा देणारा कार्यक्रम होता. फाइल उघडताच तो संगणकात ठाण मांडून बसे, छायाचित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी आणि मालकाच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला मालकाच्याच नावाने तेच पत्र धाडी. ब्रिटिश संसदेलाही आपली ई-मेल यंत्रणा काही काळ बंद ठेवावी लागली.

येथे कुलूप कोणी फोडले नाही. रावण आला तो यतिवेषात, आणि भिक्षा घालण्यासाठी दार आतूनच उघडले गेले. अनोळखी माणसाचे पत्र आपण संशयाने पाहतो. वरिष्ठाचे, मित्राचे, मेहुण्याचे पत्र आल्यावर कोण संशय घेतो? १९९९ च्या मार्चमधील 'मेलिसा' पत्त्यांच्या वहीतील पहिल्या पन्नास जणांनाच पत्रे पाठवी. २००४ च्या जानेवारीतील 'मायडूम' त्याहून कावेबाज निघाला. तो संगणकातील फाइली धुंडाळून पत्ते गोळा करी, पाठवणाऱ्याचे नाव खोटे घाली आणि 'आपले पत्र पोहोचू शकले नाही' अशा रूक्ष सूचनेचे सोंग घेई. प्रेमाला भुलला नाही, तो कार्यालयीन भाषेला भुलला.

पहिल्या प्रकरणातील संशयित तरुण फिलिपाइन्समध्ये सापडला. परंतु असे कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच तेथे तेव्हा नसल्याने खटला सोडून द्यावा लागला. त्याच मे महिन्यात आपल्या संसदेने अटलबिहारी वाजपेयी सरकारचे माहिती तंत्रज्ञान विधेयक संमत केले. १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झालेल्या या कायद्याच्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ही दूरदृष्टी नोंदवलीच पाहिजे. मात्र कायदा गुन्हेगाराच्या मागे धावतो, अळीच्या पुढे नव्हे. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या'ने न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले, तेव्हा तिला जाळ्यातून पसरण्यासाठी ई-मेलचीही गरज उरली नव्हती.

ई-मेलच्या काळातील हे धडे शहरांतील कार्यालयांनी गिरवले. खेड्यातील मोठा वर्ग संगणकाच्या पायरीवर न थांबता थेट मोबाइलवर आला. त्याला हे सांगणार कोण? आज जुनाच डाव व्हॉट्सअ‍ॅपवर मांडला जातो. लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहतूक दंडाचे चलन किंवा 'पीएम किसान'चे नाव धारण करून 'एपीके' अक्षरांनी संपणारी फाइल येते. लग्नपत्रिका चित्र असते, फार तर पीडीएफ; ती मोबाइलमध्ये 'इन्स्टॉल' करावी लागत नाही. पण ओळखीचे नाव पाहून परवानगी दिली जाते, बँकेचे ओटीपी परस्पर वाचले जातात आणि त्याच मोबाइलवरून तीच पत्रिका भावकीच्या गटात जाते.

खरा घात होतो तो यानंतरच्या गप्प राहण्याने. आपल्या नावाने गावभर फाइल गेली, लोक काय म्हणतील, या संकोचाने माणूस बोलत नाही. आणि तो बोलत नाही तेवढा वेळ अळीला मोकळे रान मिळते. वस्तुतः तो गुन्हेगार नाही, पहिला बाधित आहे. त्याने मोबाइलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्याच्या फोनवरून आप्तांना 'माझ्या नावाची फाइल उघडू नका' असे कळवावे, बँकेला खाते थांबवण्यास सांगावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्रामपंचायतीचे ध्वनिक्षेपक पाणीपट्टीची आठवण करून देतात; अशी फाइल गावात फिरते आहे, हे त्याच ध्वनिक्षेपकावरून बाधिताचे नाव न घेता सांगण्यास काहीच अडचण नसावी.